तीन धरली की चार

या आजारात भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतो : "काळजी करू नका, सगळं नीट होईल." मी तसा धीर इथं कुणाला देणार नाही. ते बोलणाऱ्यांपैकी एकालाही आजाराचं नाव धड घेता येत नव्हतं. माझ्या गाळ्यावर कुणी गोणी न उघडता भाव बोलला तर मी त्याला उठवतो. खाटेवर पडून मात्र कुणाला उठवता येत नाही.

मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातला आडत्या. शेतकऱ्याचा माल माझ्याकडं येतो, तो मी व्यापाऱ्याला विकून देतो. पाटण तालुक्यातून आलो तेव्हा पाठीवर गोणी वाहिल्या. स्वतःच्या गाळ्यावर पाटी लागायला सतरा वर्षं गेली, आणि त्यात कुणी मला फुकट काही दिलं नाही. त्यामुळं कुणी फुकट काही द्यायला लागलं की मी आधी त्याची मागची बाजू बघतो. आजारात हा स्वभाव कामाला येतो आणि नडतोही. दोन्ही सांगतो.

टॉवेलाखाली

मी सांगतोय त्या वर्षांत आमच्याकडं भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या उजव्या हातांवर टॉवेल टाकायचा. मी समोरच्याची जेवढी बोटं मुठीत धरीन तेवढा माझा भाव. त्याला पटला तर तो अंगठ्यानं माझं मनगट दाबतो, नाही पटला तर बोटं सोडवून घेतो. भोवती दहा जण उभे असले तरी कुणाला काही कळत नाही. कायद्यात हे बसत नाही असं म्हणतात. पण कागदापेक्षा हातावर जास्त सौदे झाले आणि मोडले कमी.

कासमभाई मुंबईतल्या हॉटेलांना कांदा पुरवायचा. चौदा वर्षं त्याचा हात माझ्या हातात येत होता. डोळे बांधले तरी तो हात मी ओळखला असता.

आजार सुरू झाला त्या आठवड्यात माझं पोट बिघडून बरं झालं होतं. सकाळी पायांना मुंग्या येत होत्या, सुतळीच्या गोणीवरून चालतोय असं वाटत होतं. मी लक्ष दिलं नाही. कासमभाई आला, आम्ही एक चहा दोघांत घेतला, टॉवेल टाकला. मी चार बोटं धरली. त्यानं मनगट दाबलं. माल टेम्पोत चढला. चिठ्ठी लिहायची वेळ आली तेव्हा तो तीन म्हणाला.

"चार धरली होती मी, कासमभाई."

"तीन, शेठ. खुदा कसम, तीन."

"चौदा वर्षांनी बोटं मोजायला विसरलास?"

"मी नाय विसरलो. तुमचाच हात आज झोपलाय."

हे माझ्या डोक्यात गेलं. मी ओट्यावर उभा राहून त्याला चोर म्हणालो. एकदा नाही, चार गाळे पलीकडं ऐकू जाईल असं तीनदा. हमाल थांबले. आमच्या धंद्यात हातावरच्या सौद्यात कुणाला चोर म्हटलं की पुढं त्याच्या हातात हात घालताना सगळे विचार करतात. हे मला माहीत होतं, म्हणूनच म्हणालो.

कासमभाईनं उलट शिवी दिली नाही. टेम्पोतला सगळा माल परत उतरवून घेतला, टॉवेलाची घडी घालून खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "संभाल तुझा माल, कदम." शेठ नाही म्हणाला. कदम.

तिसऱ्या दिवशी मी मोरीत बसलेला उठायला गेलो आणि पाय माझे नव्हतेच.

एका श्वासात

आमच्या सेक्टरातल्या डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून ताकदीचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. त्या माणसाबद्दल मी अजून बोलू शकतो, पण शालन, म्हणजे माझी बायको, म्हणते की आजाराबद्दल लिवताय, त्याच्याबद्दल न्हाय. त्याच्या इंजेक्शनानंतर दोन दिवसांनी शेजाऱ्यांनी मला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं.

हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी रबरी हातोडी गुडघ्यावर मारली. पाय उडाला नाही. दुसऱ्यावर मारली. तोही गप्प. आजाराचं नाव जी. बी. सिंड्रोम असं सांगितलं. अर्थ असा, की शरीरात शत्रूशी लढणारी जी फौज असते तिनं माझ्याच नसांवर हल्ला केला होता.

"का?" मी विचारलं.

"पोटाच्या इन्फेक्शननंतर कधी कधी होतं. नसा तिला परक्या वाटतात."

मी म्हणालो, "डॉक्टर, मी संशयी आहे हे मला ठाऊक आहे. पण माझ्या रक्ताला कुणी सांगितलं?"

ते हसले नाहीत.

"किती दिवस लागतील?"

"सांगता येत नाही."

"अंदाज बोला. मी नंतर तुमच्याशी भांडणार नाही."

"आठवडे. कदाचित महिने. हात-पाय बहुतेक परत येतात, काही वेळा थोडं राहून जातं. सध्या मला तुमच्या श्वासाची काळजी आहे. एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजा बघू."

पहिल्या दिवशी पंचवीस झाले. दुसऱ्या दिवशी सतरा. आकडा फार खाली आला तर घशात नळी घालून मशीनवर ठेवतात, हे मी शेजारच्या खाटेच्या नातेवाइकाकडून काढून घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा मी भाव वाढवला. नऊनंतर सरळ चौदा, मग एकोणीस. आयुष्यभर शेतकऱ्याच्या बाजूनं वजन बघत आलो, स्वतःच्या श्वासाच्या वजनात मात्र काटा मारला.

डॉक्टरांनी नोंदीची पाटी खाली ठेवली. "कदम, हा कांदा नाही. फसवलंत तर मी नाही मरणार."

मला परत मोजायला लावलं. अकरा झाले. ती रात्र आणि पुढच्या सहा रात्री मी अतिदक्षता विभागात होतो. मशीन खाटेशेजारी आणून ठेवलं होतं, पण लागलं नाही. वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं : डॉक्टरनं मोजायला सांगितलं तर खरं मोजा. घासाघीस बाकी सगळ्यात करा.

वॉर्ड

या आजारात डोकं पूर्ण जागं असतं. कुणी सांगत नाही म्हणून सांगतो, सगळ्यात वाईट ते आहे. नाकावर माशी बसली की ती किती पाय हलवते ते कळतं, पण हात येत नाही. केरळची एक सिस्टर होती. ती गोळ्यांचा ट्रे घेऊन जाताना न विचारता माझ्या नाकाचा शेंडा करंगळीनं खाजवून पुढं जायची. कुणाला सांगितलं तर हसतील, पण त्या महिन्यात मी तिचीच वाट सगळ्यात जास्त बघितली.

बाकी सगळ्यांवर माझा संशय होता. शालन आणि तिचा भाऊ दारापाशी हळू बोलले की वाटायचं, गाळ्याचं चाललंय. गाळा तेव्हा हा मेहुणाच उघडत होता. सलाइनची बाटली बदलली की वाटायचं, आधीची संपली नव्हती. एक दिवस मी शालनला सांगितलं की हे सगळं कासमभाईनं केलं. त्या सकाळी त्यानं चहात काहीतरी घातलं.

ती माझे पाय चोळत होती. थांबली. "आवो, चहा एकच हुता. निम्मा त्यानं प्याला."

"त्यानं बशीतला घेतला. मी कपातला."

"मग बशीला काय झालं न्हाय अन् कपाला झालं व्हय?"

मी ओरडलो. ओरडायलाही श्वास पुरत नव्हता, त्यामुळं ते ओरडणं खोकल्यासारखं झालं. ती उठली, डबा आवरला आणि गेली. दुसऱ्या दिवशी जेवण शेजारच्या वहिनींनी आणलं. तिसऱ्या दिवशी शालन आली. डोळे सुजलेले होते. म्हणाली, "शिव्या द्यायच्या तर बरं झाल्यावर द्या. आता मला उलट बोलता येत न्हाय, म्हणून राग येतो." घरातल्या माणसांवर काय गुदरतं ते मला तेव्हा कळलं. आजाऱ्याला शिव्या द्यायची मोकळीक असते, त्यांना नसते.

त्याच आठवड्यात कासमभाई वॉर्डाच्या दारात आला. हातात मोसंब्यांची पिशवी. मला मान फिरवता येत नव्हती, म्हणून मी डोळे मिटले. पावलं खाटेपर्यंत आली, थांबली आणि परत गेली. शालननं मोसंबी सोलली. मी तोंड उघडलं नाही.

जपानीण

दीड महिन्यानं बोटं थोडी हलायला लागली तेव्हा मला खाली फिजिओथेरपीच्या खोलीत न्यायला लागले. तिथं ज्योती होती. सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली, पंचविशीची, आवाज बंदरावरचा. आणि तिच्याबरोबर आठवड्यातून तीन दिवस एक जपानी बाई यायची. नाव नाओको. वय पस्तिसाच्या आसपास, केस कापलेले, पांढरे बूट. नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात मशिनं बसवायला आलेला. ती जपानमध्ये व्हॉलीबॉल खेळायची असं ज्योती म्हणाली. दोघींची ओळख नेरूळच्या मैदानावर झाली होती.

"पगार किती देता तिला?"

"काय पन नाय, काका. अशीच येते."

झालं. माझे कान उभे राहिले. भरल्या घरची बाई, परका देश, आणि लोकांचे लुळे हात फुकट दाबायला येते? मला वाटलं कंपनीचं काहीतरी असणार. नवं औषध, नवं मशीन, आमच्यावर करून बघत असतील.

आणि मग मी ते पाहिलं. नाओकोबाई माझ्यासमोर उभी होती, ज्योती तिच्या पाठीमागं. बाईनं चेहरा अजिबात न हलवता डावा हात कमरेमागं नेला. भिंतीवरच्या आरशात मला स्पष्ट दिसलं. तिनं दोन बोटं दाखवली. ज्योतीनं मान हलवली आणि दुसऱ्या पेशंटकडं गेली.

लपवून दाखवलेली बोटं मला शिकवायची नाहीत. माझं आयुष्य त्यात गेलं. दोन म्हणजे काय? दोन महिने? दोनच अवयव परत येणार? दुसऱ्याकडं चल, याच्यात काही राहिलं नाही? मी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी तिनं तीन दाखवली आणि मी फुटलो.

"माझा सौदा माझ्यामागं करता? तोंडावर बोला! तीन काय? तीन काय ते सांग!"

खोलीतले सगळे थांबले. नाओकोबाई घाबरून भिंतीला टेकली. ज्योती आधी बघत राहिली आणि मग हसत हसत खालीच बसली.

"काका, काका... आवो, ती माना सांगते, ह्याला तीन मिनटं सोर, दमलाय. तुमच्या तोंडावर बोल्ली तर तुमी म्हन्ता, मी नाय दमलो!"

मग तिनं समजावलं. व्हॉलीबॉलमध्ये एक खेळाडू असते सेटर. बॉलला दुसरा हात तिचा. बॉल उंच उचलून कुणाला द्यायचा, किती उंच, जाळीच्या किती जवळ, ते ती ठरवते. समोरच्या टीमला कळू नये म्हणून जाळीकडं तोंड करून उभी राहते आणि पाठीमागं बोटं दाखवते. एक म्हणजे एक चाल, दोन म्हणजे दुसरी. मारणाऱ्या पोरी मागून ती बोटं वाचतात. नाओकोबाई आठ वर्षं सेटर होती. सवय सुटली नव्हती.

मी ज्योतीला म्हणालो, तिला सांग, आम्ही हेच टॉवेलाखाली करतो. ज्योतीनं इंग्रजीत सांगितलं. बाईनं खुर्चीवरचा टॉवेल उचलला, स्वतःचा हात त्याखाली घातला आणि माझ्यापुढं धरला. मला तेव्हा तिचं एक बोटही नीट धरता आलं नाही. पण तिनं चेहरा इतका कोरा ठेवला की मनात म्हणालो, ही बाई मार्केटात बसली असती तर गाळा काढला असता.

दहा दाबांना एक प्रश्न

तरी फुकटचं कोडं सुटलं नव्हतं. मी तिच्याशी करार केला. ती मला कणकेचा गोळा दाबायला लावायची. शालन घरून रोज घट्ट कणीक मळून आणायची. मी म्हणालो, दहा दाबांना माझा एक प्रश्न, उत्तर खरं पाहिजे. बाई म्हणाली, "अच्छा." मग थोडा विचार करून, "दस नहीं. पंद्रह." बारावर ठरलं. मला बरं वाटलं. घासाघीस न करणाऱ्या माणसाची मला भीती वाटते.

पहिला प्रश्न : इथं का येतेस? उत्तर : नवरा सकाळी सातला जातो, रात्री आठला येतो, मला नुसतं बसायची सवय नाही.

दुसरा : जपानात काय काम करायचीस? उत्तर : कापडाच्या कंपनीत, सुताच्या रिळांची तपासणी.

"थांब," मी ज्योतीला म्हणालो, "खेळाडू म्हणाली होती ना? आता कंपनी कुठनं आली?"

खोटं नव्हतं. तिकडं मोठ्या कंपन्या स्वतःची टीम ठेवत. शाळा संपली की पोरगी कंपनीत नोकरीला लागायची. सकाळी रिळं, दुपारपासून मैदान, राहायला कंपनीचं वसतिगृह. म्हणजे नोकरी सुताची आणि घाम बॉलचा. ती एका मासेमारी गावातून अठराव्या वर्षी तिथं गेली. उंची कमी, म्हणून सेटर.

तिसऱ्या प्रश्नाचे बारा दाब मोठ्या कष्टानं झाले, त्या दिवशी हात दुखत होता : आठ वर्षांत किती खेळलीस?

उत्तर : पहिली पाच वर्षं बाकावर. बॉल गोळा करायचे, मोठ्या खेळाडूंचे गुडघ्याचे पट्टे धुवायचे, त्या आंघोळ करून आल्याशिवाय आपण जायचं नाही. मोठी सेटर लग्न करून गेली तेव्हा हिला जागा मिळाली. पंचविशीच्या पुढं कुणी फारसं राहत नसे. हिला जागा मिळाली त्याच महिन्यात अठरा वर्षांची एक नवी सेटर बाकावर येऊन बसली.

मला हे समजलं. खाटेवर पडून गाळ्यावर बसलेल्या मेहुण्याबद्दल मी हाच विचार करत होतो.

मग एके दिवशी मी विचारलं, खेळणं का सोडलंस?

तिनं ज्योतीकडं न बघता सावकाश, तुटक सांगितलं. ज्योतीही या वेळी हळू बोलली. एका मोठ्या सामन्यात शेवटच्या गुणाला हिनं पाठीमागं चार बोटं दाखवली. मारणारी मुलगी तीनच्या चालीनं धावली. बॉल एकीकडं, मुलगी दुसरीकडं. सामना गेला. मुलगी म्हणाली, तीन होती. ही म्हणाली, चार. प्रशिक्षकानं मुलीचं ऐकलं. पुढच्या सामन्यापासून नवी सेटर खेळली. ही दोन वर्षं परत बाकावर बसली आणि दोन वर्षं त्या मुलीशी बोलली नाही. एकाच खोलीत राहत होत्या.

"बरोबर केलंस," मी म्हणालो. "मीही नसतो बोललो. त्या मुलीनं मुद्दाम केलं असणार. नवीला आत आणायला."

ज्योतीनं हे सांगितल्यावर बाईनं मान हलवली. नकाराची. निरोपाच्या दिवशी कंपनीनं तिला फोटोंचं एक पुस्तक दिलं होतं. त्यात त्याच सामन्याचा एक फोटो, कुणीतरी मागून काढलेला. तिची पाठ, पाठीमागचा हात. तीन बोटं सरळ आणि करंगळी अर्धी वाकलेली. त्या आधीच्या महिन्यात तिची करंगळी बॉल लागून मोडली होती. नवी सेटर तयार बसलेली, म्हणून तिनं ते लपवलं. रोज बोटांना पट्ट्या आवळून खेळत होती. तिला वाटत होतं बोट सरळ आहे.

"हाथ पीछे था," ती स्वतःच हिंदीत म्हणाली. "मैंने नहीं देखा."

"मग त्या मुलीला सांगितलंस?"

हा प्रश्न बाराच्या हिशोबाबाहेरचा होता. तरी तिनं उत्तर दिलं. नाही. ती लग्न करून लांब गेली. पत्र लिहायचं म्हणता म्हणता सात वर्षं झाली, अजून लिहिलेलं नाही.

कणीक

त्या दिवशी मी लगेच वर गेलो नाही. वॉर्डाचा माणूस व्हीलचेअर घेऊन आला, त्याला थांब म्हणालो. हातातला गोळा तसाच होता. मी रोज तो दाबायचो आणि मोडून परत गोल करायला द्यायचो, कधी निरखून बघितला नव्हता. आता उलटा केला. तीन खोल खड्डे. चौथ्याच्या जागी कणीक गुळगुळीत.

परत दाबला. जीव खाऊन दाबला. चारही बोटं आवळली आहेत असं मला पक्कं वाटत होतं, शपथेवर सांगितलं असतं. तीन खड्डे.

"कणीक सैल आहे आज," मी म्हणालो.

ज्योती टेबल पुसत होती. "काका, करंगली तुमची कवाच उमटत नाय. पयल्या दिसापासून मी बगतंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी आयकता?"

मला फोटोचं पुस्तक कुणी देणार नव्हतं. त्या सकाळी माझा हात कसा होता याचा पुरावा जगात नाही. पायांना मुंग्या होत्या एवढं खरं. कासमभाईचं चौथं बोट मुठीतून सुटलेलं राहिलं असेल, त्याला तीनच धरलेली लागली असतील. किंवा नसतील. त्यानं माझा झोपलेला हात ओळखून फायदाही घेतला असेल. मी आठ दिवस दोन्ही बाजू तोलल्या. शेवटी जे मला खोडता आलं नाही ते त्याचंच वाक्य होतं. हात झोपलाय हे त्यानं मोठ्या डॉक्टरांच्या चार-पाच दिवस आधी सांगितलं होतं. लुटणारा माणूस गिऱ्हाइकाला जागं करत नाही.

शालनला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मोसंबी मीच खाल्ली सगळी. गोड हुती."

गाळ्यावर

पाचव्या महिन्यात काठी घेऊन चालायला लागलो. डॉक्टर म्हणाले, करंगळीला वर्ष लागेल, कदाचित तेवढीच राहील. मी घासाघीस केली नाही. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच सकाळी मार्केटात गेलो. मेहुणा उठून उभा राहिला आणि जागा पुसून दिली. गाळा त्यानं नीट ठेवला होता. त्याच्यावर पाच महिने संशय घेतला, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

बाहेरून सगळं तेच होतं. लोक येत होते, हात जोडत होते, सगळं नीट झालं ना म्हणत होते. पण माझ्याकडं टॉवेल घेऊन कुणी येईना. जो माणूस ओट्यावर उभा राहून चौदा वर्षांच्या गिऱ्हाइकाला चोर म्हणतो त्याच्या हातात हात कोण देणार? मी कासमभाईसाठी जो खड्डा खणला होता तो माझ्या गाळ्यापुढंच होता. आणि कासमभाई पलीकडच्या ओळीत माल बघत फिरत होता. पाच महिने तो तिकडूनच घेत होता. तिथलेही काही जण टॉवेल न टाकता त्याला भाव तोंडानं विचारत, हे मला हमालांनी सांगितलं.

मी काठी टेकत ओट्याच्या कडेला गेलो. जिथून चोर म्हटलं होतं तीच जागा.

"कासमभाई!"

तो वळला. सगळेच वळले.

"त्या दिवशी तीनच होती. तुझं खरं. माझा हात गेलेला होता."

तो जवळ आला, पण हसत वगैरे नाही. "आज सांगतोयस? पाच महिने लोक माझ्या हाताकडं बघतात, कदम. मेरा लडका पूछता है, अब्बा, तुमने क्या किया?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"मी बोललो होतो."

"बोलला होतास."

"हॉस्पिटलात डोळे बंद केलेस. मेलास समजून घाबरलो मी."

त्यानं माझ्या काठीकडं बघितलं. मग ओट्यावर चढला, गोणीत हात घालून कांदा काढला, साल चोळून बघितली. खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आमच्या हातांवर टाकला.

"बोल."

माल चांगला होता. भाव चारचाच होता, ते त्यालाही दिसत होतं, तरी बोलायचं मला होतं. मी त्याची बोटं धरली. पहिली तीन नीट आली. चौथ्यावर माझी करंगळी गेली, टेकली आणि घसरली. मी पुन्हा नेली. पुन्हा घसरली. भोवती दहा-बारा जण, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते आणि मी तोंड कोरं ठेवलं होतं. तीनवर मनगट दाबायला त्याला कुणी अडवलं नसतं. मी आत्ताच सगळ्यांसमोर कबूल केलं होतं की माझा हात गेलेला आहे.

त्यानं मनगट दाबलं नाही. त्याचा डावा हात टॉवेलाखाली आला. त्यानं माझी करंगळी दोन बोटांत उचलली, आपल्या चौथ्या बोटाभोवती वळवली आणि ती सुटू नये म्हणून वरून धरून ठेवली. मग उजव्या हाताच्या अंगठ्यानं माझं मनगट दाबलं.

लोकांना यातलं काही दिसलं नाही. टॉवेल निघाल्यावर कासमभाईनं मोठ्यानं हमालाला हाक मारली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "चल, चिठ्ठी लिख, शेठ. टाइम नाय आपल्याकडं."